लाल्याचा वाटा

कुत्र्यांच्या गोष्टी गोचिडांसारख्या असतात. एक काढावी म्हणून कान उलटा करावा, तर मागं आणखी चार बसलेल्या! कुणी सहज विचारतं, "गोविंदकाका, तुमच्या वेळेला म्हणे गावात शिकार व्हायची?" मी म्हणतो, व्हायची. तेवढ्यावर थांबायला हवं. पण मी थांबत नाही, आणि विचारणाऱ्याचा चहा थंड होतो.

आमचं गाव पेण आणि रोह्याच्या मधल्या डोंगराला टेकलेलं. पावसाळ्यात भात, भातामागून वाल. आम्हाला दोन्ही आवडायचं आणि डुकरांनाही दोन्हीच आवडायचं. डुकरांचा कळप एकदा शेतात शिरला की सकाळी शेत नांगरल्यासारखं दिसायचं. तेव्हा पिकं राखायला बंदुकीचं लायसन मिळत असे. ते आमच्यात एकट्या दामूतात्यांकडे होतं. तात्या बंदूक घेऊन ओहोळाच्या वाटेवर बसायचे, बाकी आम्ही वीसेक जण डबे बडवत रान उठवायचो आणि कुत्री पुढं सोडायचो. आता कायदा झालाय. झाला ते बरंच झालं, तेव्हाच्या लोकांची कंबर आता कुठं राहिलीय!

तात्यांची एक रीत होती. मटणाचे सारखे वाटे सागाच्या पानांवर मांडायचे. माणशी एक, बंदुकीचा एक, आणि ज्या कुत्र्यानं डुकराला बंदुकीसमोर आणलं त्याचा एक. माणसाएवढाच! त्या कुत्र्यानं आपल्या वाट्याला तोंड लावल्याशिवाय बाकीच्यांनी पान उचलायचं नाही. मग तो कुत्रा सगळ्यांच्या पुढं चालत घरी यायचा आणि घरची बाई दारात त्याला कुंकू लावायची. आमच्या गावात माणसाला मान मिळायचा तो एकदा लग्नात आणि एकदा तिरडीवर. कुत्र्याला एक डुक्कर पुरायचं!

माझ्या कुत्र्याचं नाव लाल्या. आठ वर्षं मी त्याला शिकारीला नेला. आठ वर्षं माझी बायको पार्वती कुंकवाचा करंडा घेऊन दारात उभी राहायची, आम्हा दोघांकडे बघायची आणि करंडा घेऊन आत जायची. बोलायची काही नाही. मला त्याचंच वाईट वाटायचं. लाल्याला एकदा, फक्त एकदा वाटा मिळावा, एवढंच माझं मागणं होतं.

* * *

लाल्या मी निवडून आणला होता, बरं का! शिकारीचं पिल्लू निवडायची परीक्षा असते. मानेची कातडी धरून उचलायचं. ओरडलं तर भित्रं, नाही ओरडलं तर मर्द.

गागोद्याकडच्या एका ओळखीच्या घरी सहा पिल्लं होती. पाच ओरडली. सहाव्यानं हूं की चूं केलं नाही. मी त्याला धोतराच्या सोग्यात बांधून दोन कोस चालत आणला. माझी छाती अशी फुगलेली!

घरी पार्वतीनं सोगा सोडला आणि म्हणाली, "आवो, ह्याला उठवा तरी. दूध कसा पिणार हा?"

तेव्हा कळलं, परीक्षेच्या वेळी तो झोपला होता!

* * *

पण सेवा करून घ्यावी तर लाल्यानं. पावसाळ्यात कुत्र्यांना खरूज धरते, गोचीड लागतात. त्यावर करंजाचं तेल. दुसऱ्यांची कुत्री तेलाची बाटली बघितली की वाडीच्या बाहेर. लाल्या बाटलीचं बूच निघाल्याचा आवाज ऐकून यायचा आणि स्वतःच आडवा व्हायचा. एक कूस झाली की वळायचा. मग पोट. मग पार्वतीच्या हातावर पंजा ठेवायचा, म्हणजे नखांच्या मधलं बघ.

माझा शेजारी म्हादू. त्याचा वाघ्या म्हणजे गावातला एक नंबरचा शिकारी कुत्रा. म्हादू कुंपणावरून हे सगळं बघत होता.

"वैनी," तो म्हणाला, "कुत्रा पाळलाय का जावई?"

पार्वतीनं मान वर केली नाही. म्हणाली, "जावई कुठं एवढा गप पडतो?"

* * *

एका शिकारीत ह्या वाघ्याची मांडी डुकरानं सुळ्यानं फाडली. पेण लांब, आणि डॉक्टर तरी तिथं सापडेल याचा नेम काय! म्हादूनं वाघ्याला खांद्यावर घेतलं आणि सरळ शिंप्याकडे नेलं. शिंपी लग्नसराईचे सदरे शिवत बसला होता.

"कुत्रा नाय शिवला मी कधी," तो म्हणाला.

"मग आज शिव!"

आम्ही चौघांनी वाघ्याला धरलं. शिंप्यानं सुई दिव्यावर धरली, जखमेला हळद लावली, दोरा ओवला. आणि हात सवयीचा ना! आधी गळ्यातली टेप काढून त्यानं जखमेचं माप घेतलं आणि सदऱ्याच्या मापांखाली वहीत लिहून ठेवलं. मग असे बारीक टाके घातले की पुढं केस आल्यावर जखम शोधावी लागायची.

शेवटची गाठ मारताना त्यानं म्हादूला विचारलं, "दर साली उसवणार असंल तर बटण लावू का?"

* * *

आमच्या गावात रविवारची सुट्टी कुणाला ठाऊक नव्हती. पण एका कुत्र्याला शनिवारची सुट्टी होती!

तो टिपू, सामाजीदादांचा. सामाजीदादा म्हणजे आमच्याकडचे शनवार तेली, यहुदी. त्यांच्या धर्मात शनिवारी काम नाही. घाणा बंद, चूल बंद, आदल्या दिवशीचं थंड जेवण. टिपू त्या घरात वाढलेला. शनिवारी आम्ही हाका मारल्या की तो घाण्याच्या सावलीतून आमच्याकडे बघायचा, शेपटी हलवायचा, पण उठायचा नाही. एका शनिवारी म्हादूनं त्याला दोरी लावून रानात नेला. टिपू गेला. डुक्कर त्याच्या समोरून गेलं. टिपूनं त्याला जाऊ दिलं!

"दादा," म्हादू चिडून म्हणाला, "एक दिस सांगा की त्याला!"

सामाजीदादा म्हणाले, "मी सांगितला असता रे. पण शनवारी मीच कोनाला काय काम सांगत नाय."

बाकीच्या सहा दिवसांत मात्र टिपू वाघ्याच्या तोडीस तोड. वाटा पुष्कळदा त्यालाच. आता सामाजीदादांच्या घरात डुक्कर चालत नाही. म्हणून टिपूनं आपला वाटा बाहेरच खायचा आणि मग दादा त्याचं तोंड विहिरीवर राखेनं धुवायचे. पुढं पुढं टिपूला इतकी सवय झाली की शिकारीहून आला की आधी विहिरीवर जाऊन तोंड वासून उभा राहायचा. एकदा शिकार झालीच नाही, तरी उभा! दादांनी त्याचं तोंड हुंगलं, राख घेतली आणि तरी धुतलं. म्हणाले, "मनात आला असंल त्याच्या."

दादा मुलांबरोबर त्यांच्या देशाला गेले तेव्हा टिपूला माझ्या ओट्यावर बसवून गेले. जाताना त्याच्या पाठीवर हात ठेवला. टिपू आमच्याकडे तीन वर्षं जगला. शुक्रवारची एक भाकरी पार्वती उद्यासाठी झाकून ठेवायची. शनिवारी ताज्या भाकरीला तो तोंड लावत नसे.

* * *

एकदा पेणहून जनावरांचे डॉक्टर आले. कुत्री पिसाळू नयेत म्हणून इंजेक्शन देणार होते. सुई दिसली मात्र, डुकराच्या अंगावर जाणारी आमची सगळी शूर मंडळी गायब! वाघ्या तर गोठ्याच्या कौलांवर चढला. लाल्या एकटा डॉक्टरांच्या पायाशी उभा.

"हा एकच धीराचा कुत्रा आहे गावात!" डॉक्टर म्हणाले.

लाल्या वाघ्याला भिऊन डॉक्टरांच्या मागं लपला होता, हे मी त्यांना सांगितलं नाही. म्हादूनं ऐकलं का म्हणून मी वर बघितलं. पण तो कौलांवर वाघ्याची शेपटी धरून बसला होता.

डॉक्टरांनी रजिस्टर उघडलं. "वय काय ह्याचं?"

पार्वती म्हणाली, "आमची कपिला दुसऱ्यांदा व्याली ना, तवा आणला."

"कपिला कधी व्याली?"

"मोठा पूर आला त्या साली."

"बाई, पूर कधी आला?"

"आता ते तुमच्या हापिसात लिवलेला नाय?"

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं.

* * *

माझा मेहुणा जोह्याला गणपतींच्या कारखान्यात मूर्ती करायचा. एका साली त्याला दत्ताच्या मूर्तीची ऑर्डर आली. दत्त म्हणजे पायाशी चार कुत्री आली, मागं गाय आली. गणपती त्याचे झोपेत झाले असते, पण कुत्रं जमेना. केलं की उंदरासारखंच व्हायचं! तो म्हणाला, "दाजी, एखादा हालचाल न करणारा कुत्रा द्या."

असा कुत्रा अख्ख्या पेण तालुक्यात माझ्याचकडे होता. लाल्या एस्टीच्या टपावरून जोह्याला गेला, तीन दिवस मातीच्या ढिगावर बसला, मेहुण्यानं त्याला बघून चारही कुत्री केली. हुबेहूब! कान मागं पाडलेले, अंग चोरलेलं, शेपूट पायांत.

गिऱ्हाईक मूर्ती न्यायला आलं. नमस्कार केला. मग खाली बघितलं.

"दत्ताची कुत्री घाबरलेली का हो?"

मेहुण्यानं क्षणभर विचार केला. "मागं गाय उभी हाय ना!"

* * *

आता ती शिकार. लाल्याच्या शिकारीचं नववं वर्ष लागलं होतं. भात पिवळं पडायला आलेलं आणि कळप सोडून हिंडणारं एक मोठं एकलगं डुक्कर रोज एकेकाचं शेत लोळवत होतं. तात्या म्हणाले, आज ह्याला सोडायचा नाय. निघताना मी पार्वतीला म्हणालो, "ह्या वर्सानंतर काय लाल्याला नेत नाय गो. त्याचे गुडघे गेले."

ती म्हणाली, "मी दारात हाय." शिकारीबद्दल आठ वर्षांत पहिल्यांदा बोलली.

रान उठलं. डबे वाजायला लागले. सगळी कुत्री वाघ्याच्या मागून डोंगरावर गेली. लाल्या माझ्याजवळ होता, मग नव्हता. ऊन तापलं होतं, त्याची झोपेची वेळ. करवंदीची दाट जाळी बघून सावलीला तो आत शिरला.

त्या जाळीत डुक्कर झोपलेलं होतं.

लाल्यानं जी किंकाळी फोडली, ती जन्मात कधी फोडली नव्हती! गुडघे कुठले आणि काय कुठलं! लाल्या पुढं, डुक्कर मागं, ओहोळाच्या वाटेनं थेट खाली, जिथं तात्या बसले होते. लाल्यानं ओळखीचा माणूस बघितला आणि त्यांच्या दोन पायांमधून घुसला. तात्या उताणे! बंदुकीची एक नळी आभाळात उडाली. दुसरी त्यांनी पडल्या पडल्याच ओढली, आणि डुक्कर त्यांच्या पायांपासून चार हातांवर कोसळलं.

आम्ही धावत पोचलो, तर तात्या अजून आडवेच. डुक्कर आडवं. लाल्याचा पत्ता नाही.

पानं मांडली. कुत्र्याच्या वाट्याशी येऊन तात्या थांबले. म्हणाले, "हा लाल्याचा."

म्हादू उसळलाच. "लाल्याचा? तात्या, तो पळत होता!"

"डुक्कर कुठं होता?"

"त्याच्या मागं!"

"मग डुकराच्या पुढं कोन होता?"

म्हादूनं डोंगराकडे बघितलं.

"आनला कुनी त्याला माझ्यासमोर? तुज्या वाघ्यानं? वाघ्या अजून डोंगरावर भुकतोय! वाटा लाल्याचा. आना त्याला, तोंड लावू दे."

आता आली पंचाईत. मी हाका मारल्या. लाल्या बांधाआडून दिसला, वारा त्याच्या बाजूला होता, त्याला डुकराचा वास आला आणि तो पुन्हा सुटला! आणि त्यानं तोंड लावल्याशिवाय तर कुणी पान उचलायचं नव्हतं. तात्यांनी इकडे तिकडे बघितलं.

"डबे घ्या," ते म्हणाले.

मग वीस माणसांनी लाल्यासाठी रान उठवलं! पाच जण ओहोळात, पाच वरच्या अंगाला, मधून डबे. तात्या मागून वाटा घेऊन चालत होते, पान दोन्ही हातांवर धरून, देवाचा प्रसाद न्यावा तसे. लाल्यानं सगळ्यांना हूल दिली आणि घर गाठलं. पार्वती दारात करंडा घेऊन उभी. तिच्या पायांजवळून तो आत गेला. भात यायचं होतं म्हणून कणगी सारवायला आडवी पाडून ठेवली होती, रिकामी. तीत शिरून पार टोकाला जाऊन बसला. नुसते दोन डोळे दिसत होते.

वीस माणसं माझ्या ओसरीवर. तात्या कणगीच्या तोंडाशी गुडघ्यांवर बसले. "लाल्या, तोंड लाव बाबा. वीस घरांत वाटण वाटून ठेवलाय."

डोळे हलले नाहीत.

म्हादू पुढं आला. आठ वर्षं ज्यानं लाल्याला जावई म्हटलं, तो म्हादू जमिनीवर पालथा पडला, अर्धा कणगीत शिरला. "लाल्याशेट! माजी चूक झाली! एकच घास!"

लाल्यानं म्हादूकडे बघितलं. पानाकडे बघितलं नाही. मग तात्यांचा आत गेलेला हात हुंगला. हात ओळखीचा होता. तो हात त्यानं एकदाच, जिभेच्या टोकानं चाटला. वाटे करून करून हाताला रक्त लागलेलं होतंच.

"लागला तोंड!" तात्या ओरडले. "उचला पानं!"

ओसरी क्षणात रिकामी झाली. आम्ही तिघं राहिलो, आणि ते पान.

पार्वती खाली बसली. बोट कुंकवात बुडवून तिनं हात कणगीत घातला आणि अंधारात चाचपत लाल्याच्या कपाळाला लावलं. थोडं नाकालाही लागलं. मग माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरलेले.

"आवो, एवढ्या मोठ्या रानात ह्यो एकटा सगळ्यांच्या पुढं धावला?"

"एकटा कसा गो," मी म्हणालो, "मागं डुक्कर होता ना!"