बंडोपंतांचं जाकीट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मृणालला, म्हणजे बायकोलाही नाही. तिच्यापासून तर मी साधी दाढदुखीही लपवू शकत नाही. पण हे तीन वर्षं लपवलंय, आणि चांगलं जमलंय. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. ओळखीच्या माणसासमोर माझं तोंड उघडणार नाही, एवढं मला माझ्याबद्दल ठाऊक आहे.

मी अबुधाबीजवळ मुसफ्फात एका छोट्या कंपनीत टेस्ट इंजिनीअर आहे. आम्ही अकरा माणसं, एक शेड, मागे कुंपण घातलेलं रेताड मैदान. मालक सबनीस सर पुण्याचे. छोट्या कंपन्यांनी संशोधन करावं म्हणून सरकार पैसे देतं, त्यातून आम्हाला एक काम मिळालं होतं. सैन्याचे ट्रक वाळवंटात एकामागून एक जातात, पुढच्याच्या धुळीत मागच्याला काही दिसत नाही. मध्ये माणूस आला तर ट्रकनं आपोआप थांबावं, अशी यंत्रणा करायची. पहिल्या टप्प्यात ती चालते हे दाखवायचं. दुसऱ्या टप्प्यात तीच यंत्रणा प्रवासी बसमध्ये बसवायची. चालते की नाही हे तपासून सही कोण करणार? मी.

चाचणीसाठी खरा माणूस उभा करता येत नाही. म्हणून सबनीस वहिनींनी जुन्या डांगरीत चिंध्या भरून एक बुजगावणं शिवलं. त्याचं नाव आम्ही ठेवलं बंडोपंत. मैदानात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट घातल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, असा तिथला कडक नियम. आपण नियम पाळणारी माणसं, त्यामुळे पहिल्याच दिवशी बंडोपंतांनाही जाकीट चढवलं. फोटो काढले, हसलो. मग ते जाकीट त्यांच्या अंगावरच राहिलं. शेकड्यांनी चाचण्या झाल्या, ट्रक दर वेळी थांबला. जाकिटाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. माझं जायला हवं होतं, तो माझाच तर पगार होता.

मग दसरा आला.

शेडमध्ये आम्ही दरवर्षी हत्यारांची, गाड्यांची पूजा करायचो. त्या वर्षी वहिनींना वाटलं, बंडोपंतांनाही नटवू या. त्यांचं जाकीट काढून सरांचा जुना कुर्ता घातला, गळ्यात झेंडूचा हार. ट्रकला हळदकुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली. लिंबं चिरडून ट्रकनं एक फेरी मारायची आणि बंडोपंतांसमोर येऊन नम्रपणे थांबायचं, अशी सरांची कल्पना. पुढे नेहमीसारखी धूळ उडवायला पिकअप होती. ट्रकवर होते गुल चाचा. पेशावरकडचे, पंचावन्नच्या पुढचे, आमचे टेस्ट ड्रायव्हर. यंत्रणा मी स्वतः चालू केली होती. हिरवा दिवा लागलेला मी पाहिला होता.

ट्रक थांबला नाही. बंडोपंतांवरून गेला.

धुळीत हार आणि चिंध्या पसरल्या. सर हसत सुटले — "मिलिंद, बंडोपंत शहीद झाले रे!" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी म्हणालो, "सिस्टिम बंद होती."

का म्हणालो? विचार करून म्हणालो नाही, एवढंच आठवतं. तोंडातून निघालं. पण पुढचं सगळं मी विचार करूनच केलं.

त्या शनिवारी शेड बंद असताना मी चाचांना बोलावून घेतलं. वहिनींनी पुन्हा शिवून दिलेले बंडोपंत आधी जाकिटाशिवाय उभे केले. पाच वेळा ट्रक नेला. तीन वेळा चाचांना पायानं ब्रेक मारावा लागला. मग जाकीट घातलं. पाचही वेळा ट्रक आपोआप थांबला, अगदी शहाण्यासारखा. कारण मला तिथंच कळलं. आमचं यंत्र समोर लेझर किरण सोडतं आणि परत येणारा उजेड वाचतं; चमकत्या पट्ट्यांवरून तो जोरात परततो. धुळीमुळे येणारे क्षीण संकेत गाळून टाकायचे, हे मीच ठरवलं होतं. साध्या कपड्यातला माणूसही यंत्राला तेवढाच क्षीण दिसत होता. म्हणजे मी धुळीबरोबर माणूसही गाळला होता. आमचा ट्रक खात्रीनं थांबत होता तो माणसासाठी नाही, पट्ट्यांसाठी.

चाचा खाली उतरले आणि हळूच म्हणाले, "साहब, उस दिन बत्ती जल रही थी। मैंने देखा था।"

मी म्हणालो, "चाचा, आप सिर्फ गाडी चलाओ।" माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाला मी असं बोललो. त्यांनी जाकीट घडी करून माझ्या हातात दिलं.

सरकारी माणसांसमोरचं प्रात्यक्षिक दहा दिवसांवर होतं. दुरुस्तीला निदान चार महिने लागले असते. ते सांगितलं असतं तर दुसरा टप्पा गेला असता, कंपनी गेली असती, माझा व्हिसा गेला असता, माझ्या मुलीची, इराची शाळा मध्येच तुटली असती. हे सगळं खरं आहे. पण मी गप्प राहिलो तो या हिशेबानं नाही. "सिस्टिम बंद होती" हे मी खोटं बोललो, असं सरांसमोर कबूल करायची मला लाज वाटली. एवढी क्षुल्लक गोष्ट होती — कुणी विश्वास ठेवेल?

आणि चाचांची भीती वाटायला लागली. ते बोलले तर? म्हणून मी आधी बोललो. सरांना सांगितलं की दसऱ्याला चाचांच्या हातून बटण बंद झालं, वय झालंय, प्रात्यक्षिकाला दुसरा ड्रायव्हर घेऊ. सरांना ते लगेच पटलं. चाचांना दुसऱ्या एका कंपनीत, कामगारांची ने-आण करणाऱ्या बसवर पाठवलं. जाताना त्यांनी मला सलाम केला. माझी मान वर झाली नाही.

प्रात्यक्षिकाला बंडोपंत नव्या कोऱ्या जाकिटात उभे होते. ट्रक थांबला, टाळ्या पडल्या. अहवालात एक रकाना होता — समोरच्या माणसाचा पोशाख. मी लिहिलं, 'नेहमीचा'. खाली सही केली. सरांनी पेढे वाटले आणि मी दोन खाल्ले.

आता ती यंत्रणा बसमध्ये आहे. किती बसमध्ये, ते मी विचारत नाही. ड्रायव्हरांना प्रशिक्षणात सांगतात, घाबरू नका, माणूस आला तर बस आपोआप थांबेल. चाचांच्या बसमध्येही ती आहे. एकदा सिग्नलला माझी गाडी त्यांच्या शेजारी उभी राहिली. वारं सुटलं होतं, रस्ता पिवळा पडला होता. त्यांनी मला पाहिलं नाही. ते सीटच्या कडेला पुढे सरकून बसले होते, डोळे समोर. ब्रेकवर पाय तयार ठेवणारा ड्रायव्हर असाच बसतो. बाकीच्या ड्रायव्हरांना असं बसायचं कारणच माहीत नाही.

अजून कुणाला काही झालेलं नाही, निदान माझ्या कानावर आलेलं नाही. पण हवेत धूळ चढली की मी खिडक्या लावतो, फोन उलटा ठेवतो. संध्याकाळी कामावरून सुटलेली माणसं आंघोळ करून, साधे पठाणी कपडे घालून रस्ता ओलांडत असतात, तेव्हा मी गाडी बाजूला घेतो आणि ती पलीकडे पोचेपर्यंत बघत बसतो. बघून काय होणार आहे? पण पाय निघत नाही. ऑफिसात गेलो की सर विचारतात, मिलिंद, बरं नाही का? मी म्हणतो, झोप झाली नाही. आता खोटं बोलताना जीभ अडखळतही नाही.

गेल्या महिन्यात इराच्या शाळेच्या रस्त्यावर त्या बस सुरू झाल्या. बाजूला आमचं नाव छापलेलं असतं. त्याच दिवशी मी चमकती पट्टी आणली आणि तिच्या दप्तरावर स्वतःच्या हातानं शिवली. पुढे, मागे, दोन्ही बाजूंना. मृणाल म्हणाली, आज सुईदोरा कसा काय आठवला? मी म्हटलं, इथली माणसं फार जोरात गाड्या हाकतात. इरा वैतागली. "बाबा, नोबडी एल्स हॅज धिस!"

खरंय तिचं. तिच्या वर्गात सव्वीस मुलं आहेत. रोज सकाळी मी फाटकापाशी उभा राहून ती सगळी रस्ता ओलांडताना बघतो. पट्टी फक्त तिच्या दप्तराला आहे.