मुहूर्तासाठी कापलेलं कुलूप

पायाखालची लोखंडी फ्रेम थरथरली तेव्हाच मला कळलं, की कुणीतरी युनिट चालू केलंय. मी गच्चीवर होतो. मारुतीतात्या युनिटच्या आत होते. खालच्या पॅनेलला मी स्वतः कुलूप लावलं होतं आणि त्याची एकुलती एक किल्ली माझ्या खिशात होती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बारामतीच्या एमआयडीसीत कपडे शिवणारा एक नवा कारखाना उभा राहत होता. बायका दिवसभर बंद एसी हॉलमध्ये मशिनवर बसणार, त्यांना ताजी हवा लागणार. पण आमच्याकडची एप्रिलमधली हवा तशीच आत घेतली तर एसीचा जीव जातो. म्हणून हीट रिकव्हरी युनिट बसवतात. त्यात ॲल्युमिनियमचं एक मोठं चाक हळूहळू फिरतं. बाहेर जाणारी गार हवा त्या चाकाला गार करते आणि बाहेरून येणारी गरम हवा त्याच चाकातून येताना थोडी निवते. सोबत दोन मोठे पंखे असतात. ते असे हवा ओढतात, की चालू युनिटचा दरवाजा उघडायला दोन माणसं लागतात.

तात्या लासुर्ण्याचे. घरची मेंढरं वडिलांच्याच काळात विकली गेली आणि तात्या साखर कारखान्यात फिटर झाले. रिटायर झाल्यावर आमच्या एसी बसवणाऱ्या कंपनीच्या कामांवर यायचे. त्या दिवशी चाकाचा पट्टा सैल होता, तो ताणायला ते आत शिरले. त्याआधी मी नियमाप्रमाणे मेन स्विच बंद केला, हँडलला कुलूप घातलं, वर मराठीत पाटी लटकवली: ‘आत माणूस आहे, चालू करू नये.’ ट्रायल दुपारी तीनला, हे फॅक्टरी मॅनेजर भोसल्यांना सकाळीच सांगितलं होतं.

युनिटशेजारी गच्चीवरही एक स्विच हवा, असं मी त्यांना दोनदा लिहून दिलं होतं. त्यांचं उत्तर, “खाली हाय की पॅनेल. वर आनि कशाला?”

तर, पट्टा ताणून तात्या बाहेर यायला वाकले होते. डावा हात चौकटीवर होता. पंख्यानं हवा ओढली आणि उघडा दरवाजा धाडकन मिटला. तात्या ओरडले नाहीत. आतून एवढंच ऐकू आलं, “सायेब, हात.”

फटीतून दोन बोटांची टोकं दिसत होती. मी सगळा जोर लावून दरवाजा ओढला. हलेना. शेजारी स्विच असता तर मी तो एका झटक्यात बंद केला असता. तो नव्हता, म्हणून त्या माणसाला तसंच अडकलेलं सोडून मला शिडीवरून खाली पळावं लागलं.

खाली सोहळा चालला होता. पॅनेलला झेंडूचा हार, कुंकवाचं स्वस्तिक, उदबत्त्या. मालक हिरव्या बटणापाशी हात जोडून उभे, बाकीचे टाळ्या वाजवतायत. माझं कुलूप, कडी कापलेलं, नारळाच्या भकलांशेजारी पडलं होतं. मी गर्दीत घुसून लाल बटण दाबलं.

“अहो शेलार,” भोसले माझ्या अंगावर आले, “मुहूर्तावर चालू झालेलं बंद करतात व्हय?”

“कुलूप कुणी काढलं?”

“मी कापायला लावलं. मालकांना दुपारी इंदापूरला लग्नाला जायचंय. गुरुजींनी अकरा बावीसचा मुहूर्त काढून दिला. तुमी सापडंना.”

“पाटी वाचली नाही?”

“वाचली की. म्हटलं, चहाला गेला आसाल सगळे.”

“वर तात्या आहेत, भोसले. त्यांचा हात दारात अडकलाय.”

मालकांचा चेहरा उतरला. “मला कुणी सांगितलं न्हाय,” ते म्हणाले आणि त्यांनी स्वतःची जीप दिली. तात्यांना आम्ही दवाखान्यात नेलं. दोन बोटांची टोकं काढावी लागली.

संध्याकाळी पुण्याहून माझ्या साहेबांचा फोन आला. मालकांसमोर आपला इंजिनिअर उद्धट वागला, अशी भोसल्यांची तक्रार होती. “दोन ओळी माफीच्या लिहून दे आणि विषय संपव,” साहेब म्हणाले. मी नाही म्हटलं. पुढची बढती एका वर्षानं लांबली. आजही हे सांगताना माझं डोकं तापतं.

पण खरी चीड आली ती आठ दिवसांनी. हाताला पट्ट्या बांधलेले तात्या मला न विचारताच भोसल्यांच्या केबिनमध्ये गेले. मी दारातच होतो.

“सायेब, माझ्यापायी मालकाचा मुहूर्त मोडला,” तात्या म्हणाले. “मनावर घिऊ नगा.”

“जाऊ द्या तात्या,” भोसले फाइलमधून वर न बघता म्हणाले. “व्हतं आसं.”

म्हणजे माफी झाली होती. ज्याची बोटं गेली त्यानं ती मागितली आणि ज्यानं कुलूप कापायला लावलं त्यानं ती दिली.

चूक माझीही होती. वर स्विच नसताना मी तात्यांना आत सोडायलाच नको होतं. त्यानंतर गच्चीवर स्विच बसल्याशिवाय मी एकाही युनिटचा दरवाजा उघडू दिला नाही. आणि कुलूप लावलं तरी पॅनेलपाशी एक माणूस उभा करतो. ज्याला कापायचंय, त्यानं निदान त्याच्या तोंडाकडे बघून कापावं.