चिंचेखालची दुपार

इन्नंबूरला देवळामागे मोहाची राई होती. दर रविवारी मी काही माणसांना कुंभकोणमहून बसने तिथे नेत असे. कुणाचा नवरा गेलेला, कुणाची झोप उडालेली. चपला काढायच्या, आपलं आपलं झाड निवडायचं आणि उन्हं कलेपर्यंत बोलायचं नाही, एवढाच नियम. याला उपचार म्हणतात हे मला फार पुढे कळलं. शेजारचे निवृत्त मास्तर म्हणत, "या कामाला तुमच्यासारखा मुखदुर्बळच हवा. दुसरा कुणी असता तर प्रवचन झोडलं असतं!"

हे सुरू झालं माझ्या बायकोसाठी.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तिला सातवा महिना होता. घरात माणसं फार, म्हणून दुपारी ती परसातल्या चिंचेखाली जाऊन बसे. एका सकाळी तिच्या पोटात दुखू लागलं. मी म्हणालो, "ऑफिसातून येतो, मग जाऊ डॉक्टरकडे." आलो तोवर संध्याकाळ झाली होती. मूल वाचलं नाही.

ती माहेरी तंजावरला गेली. इकडे घरातली माझी आत्या येईल त्याला सांगू लागली, "भर दुपारी चिंचेखाली बसायची, आणखी काय होणार?" मी गप्प राहिलो. नुसता गप्प राहिलो नाही, माणसं बोलावून झाड तोडून घेतलं. आत्या म्हणाली, "शहाणा रे माझा!" चिंच गेली तसा तो विषयही मिटला. मला कुणी काही विचारलं नाही.

ती परतली, तिने मागचं दार उघडून उरलेला बुंधा पाहिला आणि दार लावून घेतलं. त्यानंतर ती कामापुरतंच बोले. मला समजूत घालता येत नाही, म्हणून तिला राईत नेऊ लागलो. ती मोहाच्या खोडाला पाठ लावून बसे. हळूहळू जेवू लागली, एकदा गळून पडलेली फुलं ओच्यात घेऊन आली. ते पाहून शेजारणी विचारू लागल्या, "आम्हीही येऊ का?" राईच्या टोकाला एक मोठी चिंच होती. त्या बाजूला मी कधीच कुणाला नेलं नाही.

नव्वद सालानंतरच्या एका रविवारी एक तरुण मुलगी आली. तिचंही मूल गेलं होतं. बसल्या बसल्या रडू लागली, "सासू म्हणते, तू नको त्या झाडाखाली गेलीस."

माझाच नियम मी मोडला. म्हणालो, "झाडाने काही होत नाही, पोरी. आमच्या घरी चिंचेवर आळ आला होता. उशीर मी केला होता."

बायको पलीकडेच होती. राईत आम्ही सगळ्यांसमोर तमिळच बोलत असू, पण तिने घरच्या मराठीत विचारलं, "उशीर मला ठाऊक आहे. कळा मलाच येत होत्या ना? झाड का तोडलंत?"

"मला कुणी विचारू नये म्हणून," मी म्हणालो.

ती उठली. मला वाटलं, बसकडे निघाली. ती टोकाच्या चिंचेखाली जाऊन बसली. ऊन अगदी डोक्यावर होतं. मी मोहाच्या सावलीत उभाच राहिलो.

"उभे काय राहिलात?" ती तिथून म्हणाली. "या की."