कुड्याची शेंग मी विचारलीच नाही

मंडळी, हे लिहायला लाज वाटते आहे, पण लिहायलाच हवं.

गेल्या आठवड्यात वरंधच्या सुनंदावहिनींनी आपल्या या झाडं ओळखायच्या ग्रुपवर फोटो टाकून झाडाचं नाव विचारलं होतं. समोरासमोर पानं, तोडल्यावर पांढरा चीक. मी लगेच लिहिलं, "पांढरा कुडा. औषधी."

आज सकाळी त्या महाडच्या एका दवाखान्याबाहेर भेटल्या. आत सासऱ्यांना सलाइन लावलं होतं.

"जुलाब थांबत नव्हते. तुमी लिवलंत ना ताई, म्हणून सालीचा काढा दिला चार दिवस. गुण नाय आला."

डॉक्टर म्हणाले, आणायला उशीर केलात.

दुपारी वरंधला जाऊन झाड पाहिलं. शेंगांच्या जोड्या टोकाशी चिकटलेल्या होत्या. म्हणजे काळा कुडा. पांढऱ्याच्या शेंगा सुट्या लोंबतात. पान आणि चीक यांवरून दोघांत फसायला होतं, म्हणून शेंग विचारायची असते. मला हे माहीत होतं. पण पहिलं उत्तर माझंच यावं, याची घाई होती. आणि झाड बरोबर ओळखलं असतं, तरी 'औषधी' लिहिणारी मी कोण?

संध्याकाळी वहिनींना फोनवर सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता मामंजींना कोण समजावणार? ते म्हणतात, ताईंचा काढा बंद केलास म्हणून मी बरा होत नाय."

उद्या मी त्यांच्यासमोर उभी राहून सांगणार आहे. पण माझं वाचून आणखी कुणाच्या घरी काही उकळतं आहे का? असेल तर आजच थांबवा आणि मला सांगा.