प्रसेनजीतच्या भाषेत नसलेला शब्द

प्रसेनजीत शिरोळच्या शाळेत विज्ञान शिकवायचा, मी भूगोल. अंगात येणं, लिंबू-मिरची, भानामती, कशाचीही खिल्ली उडवताना तो भीडभाड ठेवायचा नाही. आणि हाच पठ्ठ्या फावल्या वेळात थोरूण नावाच्या, कुठंच नसलेल्या देशाची भाषा रचत बसायचा. "आधी मुळं लावायची, मग शब्द आपसूक फुटत्यात," म्हणायचा. 'लुव' म्हणजे पाणी. त्यातून लुवार नदी, लुवी आसवं. मला ते वेड वाटायचं, पण आवडायचंही.

चौऱ्याण्णव साली त्यानं आगीचं मूळ रचलं आणि आठवड्यात शेजारची गवताची गंजी पेटली. आम्ही हसलो. नव्याण्णव साली 'आई'चं मूळ वहीत लिहिलं. चौथ्या दिवशी त्याची चालती-बोलती आई, आक्काताई, गेली. तेव्हा कुणी हसलं नाही. त्यानंतर वहीत माणसांची मुळं बंद झाली. मला एकट्याला म्हणाला, "योगायोग हाय, कळतंय की मला. पर हात उचलत न्हाय." लोकांच्या देवऋष्यांना हसणारा माणूस शंभर पानी वहीला भ्यायला लागला, आणि लाजेपोटी बायकोलाही ते सांगेना.

बायकोला, संघप्रियाला, वेगळंच सलत होतं. "म्हशीला शब्द हाय, बाभळीला हाय. बायकूलाच न्हाय व्हय तुमच्यात?" माझ्यादेखत हसत विचारायची, पण डोळे हसायचे नाहीत. तो विषय बदलायचा. मला त्याचा संताप यायचा. भित्रा लेकाचा!

दोन हजार पाचच्या पावसाळ्यात पुराचं पाणी गल्लीत शिरलं. बायकांना आधी ट्रॅक्टरनं हलवत होते. ट्रॉलीत चढताना संघप्रिया रडली. "आता तरी सांगा की. काय झालं म्हंजे बिनशब्दाची जाईन मी."

"दे की रे एकदाचा!" मी खेकसलो.

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग तिच्या कानाशी लागून काहीतरी म्हणाला. तिचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता.

ट्रॅक्टर खोल पाण्यात उतरला तसा प्रसेनजीतचा धीर सुटला. "उतर! संघप्रिया, उतर खाली!" कमरेएवढ्या पाण्यातून तो ओरडत निघाला. तिला वाटलं, निरोप देतोय. तिनं हात हलवला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा तो शब्द म्हटला, "नवेल!"

पुढच्या वळणावर ट्रॉली कलली. बाकी सगळ्याजणी हाती लागल्या, ती नाही.

योगायोग होता, असं मी त्याला अजून सांगतो. तो मान डोलावतो. माझाच आवाज कापतो.