प्रवाळांचा नकाशा आणि आमच्या अव्वा

माझ्या सासूबाईंच्या मातीला मी नव्हते.

आज वर्ष झालं. पाहुण्यांत अजून विषय निघतो. निघू दे.

आम्ही त्यांना अव्वा म्हणायचो. घर सोलापूरजवळ कुंभारीला. बोलणं अर्धं मराठी, अर्धं कन्नड, आणि राग आला की पूर्ण कन्नड. कुणी आलं-गेलं की हात जोडून "शरणु शरणार्थी", हा आम्हा लिंगायतांचा नमस्कार.

माझं काम प्रवाळांचे नकाशे करायचं. सॅटेलाइट फोटोत समुद्राचा तळ नुसता डागाडागांचा दिसतो. कुठला डाग जिवंत प्रवाळ आणि कुठला मेलेला, हे पाण्यात उतरून, फोटो काढूनच पक्कं करावं लागतं.

आणि मला पोहता येत नव्हतं. सोलापूरची पोरगी मी, आमची सगळी अक्कल नळाला पाणी कधी येणार यातच खर्च झालेली!

ऑफिसात स्क्रीनसमोरच जन्म जाणार, असं धरून चालले होते. अव्वांना सांगितलं. वाटलं, म्हणतील, बरं झालं.

"पवता येत न्हाय व्हय? मग शीक की. हितं विहीर कशाला हाय?"

पाठीला प्लास्टिकचा कॅन, कमरेला दोर, दोराचं टोक अव्वांच्या हातात.

"पाय मार, सुमी, पाय! तोंड काय मारतीस!"

उन्हाळाभर हेच. अख्खी वस्ती बघायला यायची. लाज मला वाटायची, त्यांना अजिबात नाही.

मग मी लक्षद्वीपला जायला लागले.

गेल्या वर्षी समुद्र लई तापला. प्रवाळ पांढरं पडलं. पांढरं पडलं म्हणजे मेलं असं नसतं. पाणी निवल्यावर त्याच जागेचे फोटो परत काढले, की नकाशावर कळतं काय जगलं ते.

नेमक्या तेव्हाच अव्वा अंथरुणाला खिळल्या.

म्हटलं, "मी जात नाही."

"हितं बसून माझं काय करणार हायस? जा. जगलं का न्हाय, मला बी कळू दे."

गेले.

मी तिकडे असतानाच अव्वा गेल्या. बोटीवर रेंज नव्हती. किनाऱ्यावर येऊन फोन लागला, तोवर माझं वेळेत पोचणं शक्यच नव्हतं. खूप रडले.

बरंच प्रवाळ मेलं होतं. थोडं जगलं होतं. अव्वांना हे सांगायचं राहिलं, ते अजून सलतं.

घरी आल्यावर नवऱ्यानं सांगितलं, शेवटच्या दुपारी त्या एकच विचारत होत्या.

"सुमी पाण्यातनं वर आली का?"

तो म्हणाला, "आली."

मग त्यांनी डोळे मिटले.

मी तेव्हा पाण्यातच होते.

अव्वा, मी वर आले हो.

शरणु शरणार्थी.