मढ्यावरच्या कापडाचा परकर

“कोण मेलं तुमच्या गावात?”

पाळकसाहेबांनी मला देवळाच्या दारातच अडवून विचारलं. नाताळचा दिवस. मी आठ-नऊ वर्षांची असेन. अंगात नवा परकर, पांढराशुभ्र. आईने हाताने शिवलेला, खाली दुमडी घातलेली, मी वाढेन तशी सोडायला. त्याआधी माझ्या अंगाला नवं कापड लागलं नव्हतं. मला वाटलं, परकराचं कौतुक करतायत. मी हसले.

ते हसले नाहीत. खाली वाकून त्यांनी परकराची कड दोन बोटांनी उचलली. तिथे गुलालाची फिकट छटा राहिली होती. आईने ओढ्यावर आपटून आपटून धुतलं होतं, तरी राहिली होती. त्यांनी कड सोडली, बोटं रुमालाला पुसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “हे मढ्यावरचं कापड आहे.”

होतंच. गावात मोठ्या घरचं माणूस गेलं की मढ्यावरचं कापड महाराच्या वाट्याला यायचं. तो आमचा हक्क म्हणे. मयताची बातमी उन्हापावसात गावोगाव पोचवायची, सरणाची लाकडं फोडायची आणि शेवटी ते कापड उचलायचं. बापामागे ते काम आईने अंगावर घेतलं होतं. आमच्या वाडीत सगळ्यांच्या अंगावर मेलेल्यांचीच कापडं. त्यात लाजण्यासारखं काही असतं, हे मला त्या दिवशी कळलं. पाळकसाहेबांनी ते लांबूनच ओळखलं, कारण ते जन्मले तसल्या मोठ्या घरांतूनच अशी कापडं बाहेर पडायची.

ते ख्रिस्ती झाले होते. मीही ख्रिस्तीच होते. माझा बाप आगबोटीने मुंबईला गेला, गोदीत हमाली करता करता ख्रिस्ती झाला, परत येऊन त्याने माझा बाप्तिस्मा करून घेतला, मला रत्नागिरीला मिशनच्या बोर्डिंगात घातलं आणि त्याच पावसाळ्यात तापाने गेला. आईने बाप्तिस्मा घेतला नाही. ती पावसकडच्या आमच्या वाडीतच राहिली.

मुलं रांगेने बसली. मला मात्र पुढे उभं केलं. पाळकसाहेबांनी दाखला सांगायला घेतला. एका राजाने मुलाच्या लग्नाची मेजवानी केली. आमंत्रण होतं ते आलेच नाहीत. मग राजाने चाकरांना रस्त्यावर पाठवलं, दिसेल त्याला घेऊन या म्हणाला. मंडप भरला. राजा पाहुणे बघायला आला, तर एकाच्या अंगावर लग्नाचा पोशाख नाही. राजाने विचारलं, गड्या, तू आत कसा आलास? त्या माणसाचं तोंड बंद झालं. राजा चाकरांना म्हणाला, याचे हातपाय बांधा आणि याला बाहेरच्या अंधारात टाका. तिथे रडणं आहे आणि दात खाणं आहे.

मग ते माझ्याकडे वळले. “सांग, तू आत कशी आलीस?”

मला काहीच बोलता येईना.

“बघा,” ते मुलांना म्हणाले. “तोंड बंद.”

माझ्याच वेणीची फीत सोडून दोन मोठ्या मुलींनी माझे हात बांधले. मुली हसत होत्या. त्यांना तो खेळ होता. मागे लाकडांची खोली होती, तिथे मला घालून कडी लावली. धड्यापुरतंच, असं साहेब म्हणाले होते म्हणे. मी ऐकलं नाही. मला वाटलं, मी मेले.

भर दुपार होती, पण त्या खोलीला खिडकी नव्हती. झावळ्यांचा आणि ओल्या चिऱ्याचा वास. काहीतरी सरपटत होतं. साप असेल, घूस असेल, नाहीतर शास्त्रातला तो सैतान असेल. मी हाक मारली नाही. हाक मारली आणि तोच आला तर, ही भीती. दात खाणं म्हणजे काय असतं ते मला माहीत नव्हतं. मग कडकड आवाज यायला लागला. आधी वाटलं, आणखी कोणीतरी आहे इथे. ते माझेच दात होते. परकर ओला झाला. भिंतीपलीकडे मुलं नाताळची गाणी म्हणत होती आणि जेवणाचा वास येत होता.

पानं उठल्यावर बोर्डिंग चालवणाऱ्या मडमबाईंना कळलं. त्यांनी स्वतः कडी काढली, फीत सोडली, मला पोटाशी धरलं. साहेबांना इंग्रजीत बोलल्या, बहुतेक रागावल्याच. मग विलायतेहून आलेल्या पेटीतला एक फ्रॉक मला घातला. म्हणाल्या, लग्नाचा पोशाख म्हणजे चांगली वागणूक नव्हे, स्वच्छ कापड तर नव्हेच. तो पोशाख म्हणजे विश्वास. तो कमवावा लागत नाही, फुकट मिळतो, आणि तो तुझ्या अंगावर आहे.

मी विचारलं, “आईच्या?”

बाई मायाळू होत्या, पण खोटं बोलत नसत. तिने मरणाआधी विश्वास ठेवावा म्हणून आपण प्रार्थना करू, म्हणाल्या. माझा परकर तोवर स्वयंपाकघरामागे चुलाण्यात गेला होता. मी आगीतून निघून फुफाट्यात पडले. आतापर्यंत मी एकटी अंधारात होते. आता मला बाहेर काढलं होतं आणि तिथे आईला ठेवलं होतं.

पुढची सगळी वर्षं मी भीत भीत काढली. हे सोपं करून सांगता येत नाही. आंब्याच्या झाडावर बसलेली असताना, गणितं सोडवताना, ताटात माशाचं कालवण असताना मध्येच आठवायचं: आई मरणार. आई मेली की तिचे हात बांधणार. गावाकडून कोणी आलं की मी आधी त्याचं तोंड बघायचे. सुट्टीत घरी गेले की आई जिवंत दिसायची आणि मी रडायचे. तिला वाटायचं, बोर्डिंगात पोरीला पोटभर घालत नाहीत.

ज्याला त्याला विचारत सुटले. पाळकसाहेब म्हणत, पोशाख म्हणजे शुद्ध आचरण, जुनं सगळं टाकायचं. मडमबाई म्हणत, केवळ विश्वास. बोर्डिंगाचे कपडे शिवणारा एक गोव्याकडचा म्हातारा शिंपी होता, रोमन कॅथलिक पंथाचा. एकदा मापं द्यायला गेले आणि त्यालाही विचारलं. तो म्हणाला, नुसता विश्वास म्हणजे उघडा माणूस, बाय. पोशाख म्हणजे प्रेम. आणि डाग असला तर मेल्यावरही धुवायची एक जागा आहे, तिथे जळतं पण संपतं. मला हायसं वाटलं. आईला तिथे धुतील का, मी विचारलं. त्याने सुई थांबवली. तिचा बाप्तिस्मा नाही, तेव्हा मला सांगता यायचं नाही, म्हणाला, पण प्रार्थना काही वाया जात नाही. पाळकसाहेबांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, अशी कुठलीच जागा नाही, ही भटांची कमाई आहे, हिंदूंतल्या आणि रोमन पंथातल्याही.

दाखला एकच, तिघांचे अर्थ तीन. आईला नीट ठेवायला एकाकडेही जागा नव्हती.

शेवटी मी आईलाच सांगितलं. पंधरा-सोळाची असेन. ती वाडीच्या कडेला कातळावर भात वाळत घालत होती. मी पाया पडले, बाप्तिस्मा घे म्हणाले, नाहीतर तुला अंधारात टाकतील. ती म्हणाली, काय गोष्ट ती सांग तरी नीट. मी सांगितली. पाय घालून भात सारखं करता करता तिने ऐकली. घाबरली नाही. मला त्याचीही भीती वाटली.

“राजान वाटेवरनं आनलान ना त्याला?” ती म्हणाली. “मग वाटेवरच्या मानसाकडं लग्नाचा कपडा कुठला आसनार गो? बलावनाऱ्यान द्येवा तो.”

मी म्हटलं, तसं शास्त्रात नाही.

“बरा. मग फुडं? भायेर टाकल्यावर त्याचे हात सोडलान का कोनी?”

मी म्हटलं, तेही शास्त्रात नाही. गोष्ट तिथेच संपते.

“मग मना नको तुजी गोष्ट,” आई म्हणाली आणि सूप उचलून घरात गेली.

मी तिथेच बसून राहिले. इतकी वर्षं मी त्या खोलीतून बाहेर बघत होते, दारातल्या राजाकडे. बांधलेल्या माणसाचं पुढे काय झालं, हे विचारायचं मलासुद्धा कधी सुचलं नव्हतं. तरी भीती गेली नाही. आईचं शहाणपण देव मानेल याची खात्री कोण देणार?

शिकून मी मिशनच्या शाळेतच मास्तरीण झाले. तिथल्या वरच्या जातीतून आलेल्या दुसऱ्या मास्तरणीला पाळकसाहेब ‘तुम्ही’ म्हणत, मला ‘तू’. बाहेर रत्नागिरीत तेव्हा सगळ्यांसाठी देऊळ उघडण्याच्या, सहभोजनाच्या गोष्टी चालल्या होत्या, वाद होत होते. साहेब हसायचे. आपल्याकडे हे सगळं केव्हाच झालं, म्हणायचे. प्रभुभोजनाचा प्याला मात्र आमच्या ओळीकडे शेवटी यायचा, हे सगळ्यांना दिसत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. मीही नाही.

मग आई गेली. थंडीतापाने, ऐन शिमग्याच्या तोंडावर. आयुष्यभर तिने दुसऱ्यांच्या मयताच्या बातम्या पोचवल्या, तिची बातमी घेऊन वाडीतला एक चुलता चालत आला. मी बाजारातून कोरं कापड घेतलं आणि निघाले. बाप्तिस्मा न घेताच गेली. वाडीच्या लोकांनी तिला मूठमाती दिली. मी कोपऱ्यात उभी राहून तोंडातल्या तोंडात प्रार्थना म्हणत होते आणि त्या प्रार्थनेवर माझा विश्वास बसत नव्हता.

परत आले त्या रविवारी देऊळ भरलेलं होतं. पाळकसाहेबांनी उपदेशात माझ्याकडे बोट केलं. आपल्या मास्तरणीच्या आईला कितीदा बोलावणं गेलं, म्हणाले, ती आली नाही. आता दार बंद झालं. मुलांनो, यावरून शिका. मग मला पुढे बोलावलं आणि तोच दाखला वाचायला सांगितला.

मी गेले. हे मी लपवणार नाही, मी निमूट गेले. राजा, मेजवानी, रस्त्यावरची माणसं, सगळं वाचलं. त्याचं तोंड बंद झालं, इथवर आले आणि माझा आवाज थांबला. लाकडांच्या खोलीतला वास नाकात आला.

“पुढे वाच,” साहेब म्हणाले.

“तो भ्याला होता,” मी म्हणाले.

“काय?”

“त्या माणसाचं तोंड बंद झालं ते अपराधाने नाही. तो भ्याला होता. बांधायला चाकर तयार उभे होते. बांधणारे समोर असताना कोण बोलेल?”

साहेबांचा चेहरा लाल झाला. आवाज मात्र त्यांनी चढवला नाही.

“शास्त्राचा अर्थ सांगणारी तू कोण?”

“मला बांधलं होतं तुम्ही. म्हणून मला माहीत आहे.”

ते म्हणाले, गुडघे टेक आणि क्षमा माग, नाहीतर देवळाबाहेर हो. मडमबाई पहिल्या ओळीत मान खाली घालून बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी वर बघितलं नाही. कोणाला आज वाटेल, मी तेव्हा धीट झाले असेन. नाही. मी त्या क्षणी जितकी भ्याले तितकी त्या खोलीतसुद्धा भ्याले नव्हते. तेव्हा कडी बाहेरून होती. आता दार माझ्याच हाताने ओढायचं होतं. साहेब खरे निघाले तर? देव त्यांच्याच बाजूचा असला तर? हा प्रश्न माझ्यासाठी बोलण्यापुरता नव्हता. मी नरक मानत होते, त्याचा वास मला पाठ होता.

“माझी आई बाहेर असेल तर मला आत राहायचं नाही,” मी म्हणाले. पुस्तक मिटलं, मेजावर ठेवलं आणि मधल्या वाटेने चालत गेले. दारापर्यंत पडले नाही एवढंच.

नोकरी गेली. खोली गेली. मी वाडीत परत आले आणि आमच्या पडवीत मुलांना शिकवायला लागले. मढ्यावरचं कापड उचलायचं नाही, असं वाडीतल्या बायांना सांगायला लागले. गावकी चिडली, आमच्यातले म्हातारेही चिडले. चालायचंच. येशूला मी सोडलेलं नाही. त्याने दाखला सांगितला असेल, पण मला त्याचा अर्थ सांगणारे सगळे मंडपात पानावर बसलेले होते. एकालाही बाहेरचं काही ठाऊक नव्हतं.

भीती गेली का, असं पोरी विचारतात. नाही गेली. दार लावून मला अजून झोप येत नाही. मरण जवळ आलं की ती वाढेल, हेही मला माहीत आहे. पण एक ठरवून ठेवलं आहे. त्या दिवशी मला देवासमोर उभं करतील तेव्हा माझे पाय कापतील, दात वाजतील, वाजू देत. त्याने काही विचारायच्या आधी मी विचारणार, माझी आई कुठे आहे. आणि त्याने उत्तर देईपर्यंत मी उंबरा ओलांडणार नाही.